झिपरूने जोडलेला पंखा

नरोलीच्या झिपरू वायरमनने प्रभाकर गुरुजींच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमागे विजेचा पंखा बसवला. सुरंगीच्या चढावर गाडीचे पाणी पुन्हा उकळले, तर ती भंगारात देईन, असे मंगलाबाईंनी पतीला बजावले होते. पंखा फिरू लागला, तरी तापमानाचा काटा चढतच राहिला. झिपरूने रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. जाळीला चिकटण्याऐवजी तो उडून गुरुजींच्या चष्म्यावर आदळला.

"गुरुजी, वारा उलटा जाऊ राहिला. प्लस-मायनस मीच उलटं जोडलं."

तीस वर्षांच्या शासकीय नोकरीत स्वतःची चूक कबूल करणारा माणूस गुरुजींच्या वाट्याला आला नव्हता. तारांची अदलाबदल करताच कागद जाळीला घट्ट बसला.

दुसऱ्या दिवशी गाडीने तो चढ निमूटपणे ओलांडला.

"आता माझा मिक्सरही त्यालाच दाखवा," मंगलाबाई म्हणाल्या.