सोळा दिवसांची बिअर

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात कोणाच्याही घरचे बोलावणे आले, की निरोपाच्या शेवटी एक ओळ हमखास असे: पिण्याचे ज्याने त्याने आणावे. आठ महिन्यांत विश्राम आणि सुमेधा अशा पाच घरी जाऊन आले होते. दर वेळी विश्राम संत्र्याच्या रसाची बाटली काखेत धरून जाई आणि ती यजमानासमोर ठेवताना ओशाळून जाई. पाहुण्याने आपल्यापुरते प्यायचे स्वतः घेऊन यावे, हे त्याच्या गळी उतरत नव्हते. त्यामुळे स्वतःच्या घरी माणसे बोलवायचे ठरले, तेव्हा ती ओळ आपल्या निमंत्रणात असणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले.

“मग काय पाजणार आहेस?” सुमेधाने विचारले.

“बिअर. मीच करीन.”

“घरात?” सुमेधा म्हणाली. तिला काय म्हणायचे होते, ते त्याला ठाऊक होते. करमाळ्याजवळच्या ज्या गावात विश्राम वाढला, तिथे घरात दारू करणे म्हणजे हातभट्टी, आणि हातभट्टीचे पिंप फोडायला गेलेल्या बायकांमध्ये त्याची आई सर्वांत पुढे होती.

विश्राम शेतकीचा पदवीधर. ज्वारीच्या मुळांवर पीएचडी करण्यासाठी तो दोन हजार सातच्या अखेरीस इथल्या विद्यापीठात आला. त्या वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या आवारात भारतातून आलेली मुलेमुली दिसू लागली होती. मात्र त्यांतली बहुतेक सिडनी-मेलबर्नला राहत. टूवूंबासारख्या शेतीच्या गावात, जिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते आणि बस तासाने येते, तिथे येणारे थोडेच. विश्रामला मात्र ही काळी जमीन आणि तिच्यात क्षितिजापर्यंत उभी असलेली ज्वारी पहिल्याच दिवशी आवडली.

त्याचा एक स्वभाव होता. कोणतेही काम त्याला साधेपणाने करता येत नसे. चहा करायचा तर तीन दुकानांतली पावडर आणून तो तुलना करी. प्रयोगशाळेत त्याची टिपणे इतरांच्या दुप्पट असत. शनिवारी तो नेव्हिल नावाच्या वयस्कर गृहस्थाच्या दुकानात काम करी. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारे सारे सामान तिथे मिळे. स्वतः क्वचितच घोटभर घेणाऱ्या विश्रामने यीस्टवरची चार जाडजूड पुस्तके तिथल्याच फळीवरून उतरवून वाचून काढली होती.

सुमेधाची गोष्ट वेगळी होती. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली ही बाई सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताटे लावत होती. कामाचे तिला वाईट वाटत नव्हते. वाईट वाटे ते संध्याकाळचे. शिफ्टहून परतल्यावर दार लावले, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या दाराची बेल वाजत नसे. सिडनीला पॅरामॅटात तिची मैत्रीण चित्रलेखा राहत होती. तिने आपल्या बँकेत सुमेधासाठी शब्द टाकला होता, आणि नोकरी मिळालीही होती. जुलैपासून रुजू व्हायचे, आणि होकार की नकार ते जूनच्या तेवीस तारखेला, सोमवारी, कळवायचे.

विश्रामला जाता येणार नव्हते. त्याची अडीच वर्षे अजून इथल्या शेतात होती. सुमेधा गेली तर दोन शहरांत दोन बिऱ्हाडे होणार होती. त्याने तिला थांब म्हटले नाही. तिनेही जाते म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, “एकदा या घरात माणसं येऊन बसू देत. मग सांगते.” तारीख ठरली जूनच्या एकविसाव्या दिवसाची, शनिवार दुपारची.

विश्रामच्या मनात काळी, दाट, जबरदस्त बिअर होती. त्याने यादी केली: भाजलेले जव, कॉफीच्या बिया, थोडा गूळ, आणि जमल्यास मोड आणलेली ज्वारी. ती यादी नेव्हिलने चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

“किती दिवस आहेत?”

“एकवीस.”

“हिला चार महिने लागतात, मेट.” मग त्याने विश्रामला बिअरबद्दल काहीच विचारले नाही. माणसे किती येणार, किती वाजता येणार, उन्हात उभी राहणार की आत बसणार, जेवण काय आणि घरी कशी जाणार, एवढेच विचारले. अठरा माणसे, दुपार, अंगण, तिखट खाणे, आणि सगळे गाडीने, असे विश्रामने सांगितले. “मग फिकी, हलकी, मोड आणलेल्या गव्हाचा माल्ट घातलेली,” नेव्हिल म्हणाला. “गव्हाची थोडी गढूळच असते, म्हणजे ती निवळायची वाट पाहायला नको. ताजीच चांगली लागते. आणि गाडी चालवणाऱ्याला एका ग्लासावर भागवता येईल इतकी सौम्य.”

विश्रामचा चेहरा पडला. पहिल्यांदाच घरी येणाऱ्यांना फिकी, हलकी बिअर द्यायची, म्हणजे वरणभातावर बोळवण करण्यासारखे होते. त्याने मान डोलावली, सामान घरी आणले, आणि येताना वाटेत गूळ व कॉफीही घेतली. अर्धे नेव्हिलचे, अर्धे स्वतःचे, असा त्याने बिअर आंबवायचा ड्रम भरला.

जूनमध्ये टूवूंबात कडाका असतो. गॅरेजमधल्या त्या ड्रमला हात लावून त्याने पाहिले; तो गारठलेला होता. आता यीस्टवरची चारही पुस्तके बाजूला राहिली आणि त्याच्या हातांनी लहानपणापासून पाहिलेले तेच केले. थंडीत दूध विरजायचे तर भांडे चुलीजवळ कापडात गुंडाळून ठेवायचे, डोशाचे पीठ फुगायला हवे तर त्याला ऊब द्यायची. त्याने ड्रमला आईने शिवलेली गोधडी गुंडाळली, तिच्या आत विजेवर तापणारे ब्लँकेट घातले आणि समाधानाने झोपायला गेला. सकाळी ड्रमच्या झाकणावरची नळी अखंड बुडबुडत होती. विश्राम खूश झाला.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले. पाचव्या दिवशी त्याने नमुना काढून वास घेतला, आणि ग्लास सुमेधापुढे धरला. तिने हुंगून तोंड फिरवले.

“नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा येतोय,” ती म्हणाली. “किती तापमान ठेवलं होतंस?”

ते त्याने मोजलेच नव्हते. दुप्पट टिपणे काढणाऱ्या माणसाने घरच्या ड्रमला थर्मामीटर लावला नव्हता, कारण गोधडी घातल्यावर मोजायचे काय, असे त्याला वाटले होते. तिने मोजले. तेहतीस अंश.

नेव्हिलने तो नमुना जिभेवर घेतला आणि थुंकून टाकला. मग म्हणाला, “यीस्टला तू वाफेच्या खोलीत बसवलंस, मेट.” ड्रम ओतून द्यावा लागला. सोळा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी विश्रामने पार्टी पुढे ढकलायची गोष्ट काढली. सोमवारची तारीख पुढे जाणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. सुमेधाने नमुन्याचा ग्लास बाजूला सारला. मग तिने वही ओढली.

“तुझी यादी दे. गूळ नाही, कॉफी नाही. तो म्हातारा काय म्हणाला होता, तेवढंच सांग.”

त्याने सांगितले. सांगताना त्याच्या लक्षात आले, की नेव्हिलची कृती चार ओळींत संपते. जवाच्या माल्टचा पाक, गव्हाच्या माल्टची पूड, कडवटपणासाठी थोडी हॉप्सची फुले, आणि गुपचूप आपले काम करणारे यीस्ट. त्या चार ओळींपलीकडे काहीही न घालणे त्याला जड गेले. ज्वारीचा डबा त्याने दोनदा उघडला आणि दोनदा मिटला. दुसऱ्यांदा सुमेधाने पाहिले आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

या वेळी ड्रम गॅरेजमध्ये नव्हे, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. तापमान अठरा ते वीस. सकाळी शिफ्टला जाताना सुमेधा आकडा लिही, संध्याकाळी विश्राम. बिअर किती आंबली ते दाखवणारा हायड्रोमीटर कसा वाचायचा, यावरून दोघांचा एकदा वाद झाला आणि तो ती जिंकली. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात जेवताना रुग्णालयातल्या ताटांखेरीज दुसऱ्या कशावर तरी बोलणे होत होते.

रविवारी करमाळ्याहून आईचा फोन आला. मागे बुडबुड आवाज कसला, असे तिने विचारले. विश्रामला खोटे बोलता आले नाही. त्याने सगळे सांगितले आणि फोन कानापासून किंचित दूर धरला.

“विकत नाहीस ना?” आईने विचारले.

“नाही. पाहुणे येणार आहेत.”

“मग आधी पोटभर खायला घाला त्यांना. रिकाम्या पोटी कुणाला देऊ नका.” आणि ती पावसाविषयी बोलू लागली.

सातव्या दिवशी हायड्रोमीटरचा आकडा दोन दिवस जागचा हलला नव्हता, म्हणून त्यांनी बाटल्या भरल्या. प्रत्येकीत मोजून साखर घातली, बुचे ठोकली आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात त्या ओळीने उभ्या केल्या, कारण बाटलीत फेस धरायला मात्र ऊब लागते. या वेळी कपाटात थर्मामीटर टांगलेला होता. उरले होते नऊ दिवस. शुक्रवारी एक बाटली उघडली. फुस्स असा आवाज झाला, हलकासा फेस आला. चव कशी, हे विश्रामला सांगता येईना. चांगली होती. पण सांगण्यासारखे तिच्यात काही नव्हते.

शनिवारी स्वच्छ ऊन पडले. बारा वाजता पहिली गाडी आली. सुमेधाच्या रुग्णालयातल्या स्वयंपाकघराची मुख्य शेरिल आणि तिचा शेतकरी नवरा डॉन उतरले, आणि डॉनच्या हातात बर्फाची पेटी होती. मागोमाग आलेल्या गाड्यांतूनही पेट्याच उतरल्या. निमंत्रणात लिहिले नव्हते, तरी सवयीने माणसे आपापले पिणे घेऊन आली होती. अंगणात सात पेट्या झाल्या. विश्रामला घराबाहेर रांग लावून कोणी आपला अपमान मांडून ठेवावा, तसे वाटले.

आईच्या सांगण्याप्रमाणे आधी कोथिंबीर वड्या आणि वडे फिरले. मग विश्रामने ग्लास भरले. यजमानाने स्वतः केलेली, म्हणून प्रत्येकाने एक घेतला. विश्राम चेहरे निरखत उभा राहिला. कोणी काही म्हणाले नाही. डॉन प्रयोगशाळेतल्या एका मुलाला यंदाच्या ज्वारीवरच्या किडीबद्दल सांगत होता. शेजारीण वड्यात नेमके काय आहे, ते विचारत होती. विश्राम हळूच नेव्हिलजवळ जाऊन म्हणाला, की बिअरविषयी कोणी बोलतच नाही.

“मग ठीकच आहे,” नेव्हिल म्हणाला. “बिघडली असती तर एव्हाना प्रत्येकाने भिडेखातर तुझं कौतुक केलं असतं.”

अडीचच्या सुमारास विश्रामच्या ध्यानात आले, की घरातल्या खुर्च्या कमी पडल्या आहेत आणि माणसे बर्फाच्या पेट्यांवर बसली आहेत. एकही पेटी उघडलेली नव्हती. डॉन आपल्या पेटीवर ऐसपैस बसून रिकामा ग्लास पुढे करत होता. परतताना गाडी शेरिल चालवणार होती. विश्रामने तो काठोकाठ भरला. फेस ग्लासाबाहेर आला.

चार वाजले तरी कोणी उठले नाही. रिकाम्या बाटल्या घेऊन तो मागच्या दाराशी आला, तेव्हा आत शेरिलचा आवाज ऐकू आला. तिच्या मुलीचा साखरपुडा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होता आणि तिला हीच बिअर हवी होती. दुप्पट. जमेल का, असे ती सुमेधाला विचारत होती.

विश्राम दाराबाहेरच थांबला. ऑगस्ट म्हणजे सोमवारच्या पलीकडचा, जुलैच्याही पलीकडचा. आत भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा एक पान.

“सोळा दिवस लागतात,” सुमेधा म्हणाली. “म्हणजे जुलैच्या चोवीसला सुरू करावं लागेल. तू दुसरा ड्रम आण. आणि त्या दिवशी येऊन बघ कशी करतात ते. नाहीतर नंतर मलाच विचारत बसशील.”

शेरिल हसली. सुमेधाने पेन्सिलीने कॅलेंडरवर काहीतरी लिहिले. बाहेर आली तेव्हा विश्राम दाराशी उभा दिसला. त्याच्या हातातल्या निम्म्या बाटल्या तिने घेतल्या आणि दोघे नळाकडे गेले, कारण वाळण्याआधी त्या विसळून ठेवायला हव्या होत्या.

सोमवारी सकाळी शिफ्टला निघण्याआधी तिने चित्रलेखाला फोन लावला. विश्राम पलीकडच्या खोलीत टिपणे लिहीत होता. शब्द नीट ऐकू येत नव्हते. बोलणे बराच वेळ चालले, मधे एकदा सुमेधा हसली. मग तिने गाडीची किल्ली उचलली आणि दारातून म्हणाली, “चित्रलेखा दिवाळीला इकडे येते म्हणाली. तिला काय प्यायला आवडतं, ते विचारायला विसरले बघ.”

विश्रामने वही मिटली आणि तिला गाडीपर्यंत पोचवायला उठला.