सासूची उसण आणि माझा अटॅक

आता हसायचं तर हसा, पण आधी ऐका. स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेल्या सासूला मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालायला निघाले होते!

झालं काय, आमच्या कुडपण गावात पाण्याचा हंडा उचलताना म्हातारीच्या पाठीत उसण भरली. श्वास घेतला की कळ बरगडीपर्यंत. नेली पोलादपूरला. पण शिकलेल्या डॉक्टरीणबाईंपुढे 'उसण' कोण म्हणेल? मुंबईची माणसं गावी येऊन कशी फाडफाड डॉक्टरी बोलतात! मी चौथी शिकले म्हणून काय झालं? दारातच म्हातारीला दम भरला, "आई, तू तोंड उघडायचं नाय. मी बोलते."

"काय होतंय आजी?" बाईंनी विचारलं.

"अटॅक हाय!" मी ठणकावून सांगितलं.

अहो, काय ती धावपळ! म्हातारीला आडवी केली, छातीला वायरी लावल्या.

"आजी, कुठे दुखतंय?"

म्हातारी गप्प. नुसती माझ्याकडे बघतेय!

"बोलता येत नाही? कधीपासून?"

दारापासून, हे कुठल्या तोंडानं सांगू? बाईंनी फोन उचलला, महाडला न्यायला गाडी मागवायला. मी म्हातारीला गदागदा हलवलं.

"आई, बोल गो!"

"बोलू? तूच गप म्हनालीस ना! उसण भरलीय बाय, हंडा उचलताना!"

वायरींचा कागद चांगला आला. बाईंनी पाठ दाबून बघितली आणि कॉम्प्युटरवर 'उसण' लिहिलं. काय सांगू तुम्हाला! उसण वर, जशीच्या तशी! तिला जोडून खाली त्याच दुखण्याचं डॉक्टरी नाव, वैद्यांकडचं नाव, घाटावरच्यांची 'चमक'. सगळी गुरं एका गोठ्यात, पण एकाचंही शिंग मोडलेलं नाही! माझे हात आपोआप जोडले गेले.

"बाई, आमचा गावठी शब्द पुसला नाय?"

"पुसला तर आजींचं दुखणंच हरवेल. माणूस जे बोलला ते तसंच ठेवायचं, मग आमची नावं जोडायची."

"मग माझं अटॅकचं तेवढं..."

"तेही ठेवलंय की!" बाईंनी मोठ्यानं वाचलं, "सुनेचं म्हणणं: अटॅक. आजींचं म्हणणं: सुनेनं बोलू दिलं नाही."

म्हातारी ताडकन उठून बसली. "बाय, ह्याचा कागद निघतो काय? वाडीत दाखवायचाय!"