मीनियल

रविवार होता. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत साहेबांच्या घरी तुंबलेल्या संडासात मी कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. नोकरी माझी सरकारी ऑफिसात, सफाईची. पण रीतच होती, रविवारी साहेबाच्या घरचं काढायचं. सगळे जायचे. मीही सहा वर्षं गेलो.

साहेबांकडे एक प्रोफेसर आले होते, इंग्रजी शिकवणारे. त्यांनी विचारलं, "हा कोण?"

"ऑफिसातला. मीनियल स्टाफ."

माझ्या सर्व्हिस बुकात हाच शब्द होता. मी तिसरी पास. अर्थ ठाऊक नव्हता. पण आपल्याला काय म्हणतात ते तरी कळायला पाहिजे ना. तिथूनच विचारलं, "मीनियल म्हणजे काय, साहेब?"

दोघे हसले. प्रोफेसरांना मात्र हुरूप आला. "फार जुना शब्द आहे, बाबा. मुळात अर्थ घरातला. मालकाच्या घरी चाकरी करणारा, घरचाच माणूस. हलक्या कामाचा, हलका, हे मागाहून आलं."

"सांभळ्यू? ऐकलंस ना?" साहेब मला म्हणाले. "तू घरचा आहेस."

बाईसाहेब चहा घेऊन आल्या. पाहुण्यांना कपबशी. माझा कप संडासाच्या खिडकीत असायचा, फिनाइलच्या डब्याजवळ. तळाला मागच्या रविवारचा चहा वाळलेला, त्यात मुंग्या. बाईसाहेबांनी वरूनच ओतला. मुंग्या तरंगून वर आल्या. सहा वर्षं मी त्याच कपातून प्यायलो होतो. फुंकर मारून प्यायलो होतो. त्यांच्या घाणीची कधी किळस आली नाही. त्या दिवशी आली ती स्वतःची, इतकी वर्षं मुकाट प्यायलो त्याची.

म्हणालो, "घरच्याला असा चहा देता?"

"बहु बोलायला लागलास," साहेब म्हणाले. "काम आटप."

चहा तिथंच ओतला. हात धुतले. संडास अर्धा तसाच ठेवून निघालो. मागून बाईसाहेबांचा आवाज, "अहो, पाहुणे आहेत घरात. आता त्यांनी जायचं कुठं?"

सोमवारी साहेब म्हणाले, "वासण्याच्या ऑफिसात फेकीन तुला."

"फेका."

फेकलं. तिथल्या साहेबानंही रविवारी घरी बोलावलं. त्याला सांगितलं, ऑफिसचे संडास धुईन, ते माझं काम आहे. घरचे नाही. रिटायर होईपर्यंत गेलो नाही.

आता शिकलेली माणसं मला समजावतात. काका, शब्दच तो, किती मनाला लावून घ्याल?

शब्द तुम्ही काढलेत. घाण आम्ही काढली. आता तीही तुम्हीच काढा. माझ्या घरातून कोणी येणार नाही.