स्वल्प थांबा, अक्काला विचारतो

आमच्या ऑफिसात कुणी कसलंही बटण दाबायला गेलं की पाठीमागून एक हात वर व्हायचा आणि आवाज यायचा, "स्वल्प थांबा!" मग ते बटण साध्या कॉफी मशीनचं का असेना.

हा हात अण्णांचा. बंगळुरात निम्म्या पुरुषांना अण्णाच म्हणतात, पण बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात अण्णा म्हणजे तेच. घर जयनगरात, पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, मराठी कानडीत मुरलेलं. उभा जन्म वीजखात्याच्या कंट्रोल रूममध्ये काढून निवृत्त झाले आणि आमच्याकडे सल्लागार म्हणून आले. आमचं सॉफ्टवेअर रंग दाखवतं. आत्ता तारेतून येणाऱ्या विजेत कोळसा किती, ऊन-वारा किती, म्हणजे तिच्यापायी हवेत किती कार्बन जातोय, ते बघून हिरवा, पिवळा नाहीतर लाल. ज्यांची कामं थांबू शकतात त्यांनी ती हिरव्यात उरकावीत, एवढाच हेतू.

खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीही ते घरी वापरत नव्हतं. अण्णा वापरायचे. त्यांच्याकडे इडलीचं पीठ भर दुपारी वाटलं जायचं. एकदा काकूंनी फोनवर, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाहुणे दारात आलेत. मिक्सर लावू, की तुमच्या हिरव्याची वाट बघत बसू?" अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब," आणि फोन बंद झाला. कुठल्या बाजूने, ते तुम्हीच ओळखा.

एवढं करून स्क्रीनवर त्यांचा पुरता विश्वास नव्हताच. रोज अकराला ते थोरल्या बहिणीला फोन लावायचे. अक्का तुमकूरच्या पलीकडे, सोलर पॅनेलच्या रानाशेजारच्या गावात राहायच्या. प्रश्न ठरलेले. "पापड वाळलेत का ग? दोरीवरची साडी हलते का?" पापडावरून ऊन, साडीवरून वारा. मी पुण्याची, त्यामुळे मनातल्या मनात हसणं मला जमत नाही. उघडच हसायचे. अण्णा म्हणायचे, "हसा की, पुणेकर. पापडाला डाटा लागत नाही."

मग तो दिवस आला. एक मोठा ग्राहक येणार होता. आमचा हिरवा दिसला की तिथल्या तिथे आपली अवजड कामं सुरू करून बघणार होता. स्क्रीनचं काम माझं होतं आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. साडेअकराला स्क्रीन अशी हिरवीगार झाली की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

हात वर झाला. "स्वल्प थांबा. आत्ताच अक्काशी बोललो. आभाळ गच्च आहे, पापड आत आणले, साडीही हलत नाही म्हणते. धरणंही तळाला गेलीत, पाण्यावरची वीज नाही. मग हे हिरवं कशाच्या जिवावर?"

"अण्णा, एका गच्चीवरून अख्ख्या राज्याचं कसं कळेल?" मी चिडलेच. ग्राहक यायला अर्धा तास उरला होता.

"सरी, बरं. गच्चीचं सोडा. कोळशाचा आकडा दाखवा."

मी दाखवायला गेले आणि पायाखालची जमीन सरकली. कोळशाच्या केंद्रांचे आकडे सकाळपासून आलेच नव्हते, आणि रिकाम्या जागी शून्य धरायचं असं मीच लिहून ठेवलं होतं. बातमी नाही म्हणून कोळसा नाही! माणूस पत्र पाठवत नाही म्हणून तो मेला असं धरण्यातला प्रकार.

मॅनेजर म्हणाली, "कालचे आकडे टाकून वेळ मारून ने." माझा हात कीबोर्डकडे गेलाही. अण्णा एवढंच म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये आम्ही अशा जागी लिहायचो, माहीत नाही. त्याची लाज कसली?"

वीस मिनिटांत मी हिरवा पुसून 'माहीत नाही' अशी राखाडी पट्टी टाकली. ग्राहकाने पहिल्यांदा बोट ठेवलं ते तिच्यावरच. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं, पापडासकट. माझी चूकही, पण "आमची चूक" म्हणून. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, जे माहीत नाही ते सांगणारे लोक मला चालतील. माझी नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला अक्कांचे पापड आणून दिले.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी ऑफिसातच रडले, सगळ्यांसमोर. कॉफी मशीनचं बटण आता कुणीही बिनधास्त दाबतं आणि मला ते अजून आवडत नाही.

परवा स्क्रीनवर पुन्हा राखाडी पट्टी आली. नवा ग्राहक फोनवर ताटकळत होता, काहीतरी अंदाज सांगा म्हणत होता. अकरा वाजले होते. मी दुसऱ्या फोनवरून अक्कांना फोन लावला.

"अक्का, मी अण्णांच्या ऑफिसातली. पुण्याची." पुढे काय बोलावं सुचेना. "पापड घातलेत का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अकराचा फोन बंदच पडला होता की," अक्का म्हणाल्या. "स्वल्प थांब हं. बघून सांगते."

आणि गच्चीचा जिना चढणारी त्यांची सावकाश पावलं मी ऐकत राहिले.