ठमीच्या पोटातला पाहुणा

गोठ्यात दोन गोष्टी रोज साचतात, शेण अन् किस्से. शेण उचलाले मी हाय. किस्से कोणीच उचलत नाई, म्हणून मीच लिहाले बसलो. चौथीतून शाळा सोडली, तवा काना-मात्रा पाहू नका. ज्याले चुका काढायच्या, त्यानं आधी माह्या गोठ्यात एक दिवस झाडू मारून दाखवावा!

आमचं गाव वडनेरच्या पुढं. तिथं पुण्याकडची एक मॅडम येऊन राह्यली. वासराच्या पोटात कोणकोणते जंतू राह्यतात, हे शोधणं तिचं काम. मले वाटलं, बाई रिकामी हाय. पण माह्या पांढरी नावाच्या गाईची लागोपाठ दोन वासरं हगवणीनं गेली होती. पंधरा दिवसबी जगली नाई. आता गाय तिसऱ्यांदा गाभण होती. हेबी गेलं असतं तर मी गायच विकणार होतो. म्हणून मी कोणाचंही ऐकाले तयार होतो. तोंडानं तसं म्हटलं नाई, ते सोडा.

* * *

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाली, "आबाजी, वासराचं शेण हवंय."

मी घमेलं भरून आणलं. तिले पाहिजे होतं बोराएवढं! तेबी जमिनीवरचं चालत नाई म्हणे, मातीतले जंतू मिसळतात. मग हातमोजे घालून, डबी धरून, बाई माह्या शेजाऱ्याच्या, नत्थूच्या, वासरामागं बसली. एक तास झाला. दोन झाले. वासरू ढिम्म!

मी म्हटलं, "चहा तरी घ्या." ती उठली, कप तोंडाले लावला, अन् मागं पच्चकन आवाज!

"मुद्दाम केलं त्यानं!" मॅडम म्हणाली.

"नत्थूचं हाय बाई. मालकावर गेलं!"

* * *

मग तिनं आम्हालेच डब्या वाटल्या, एकेका वासराचा नंबर लिहून. सकाळी भरायच्या अन् बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. एक दिवस नत्थूले वडनेरच्या बाजाराले जायची घाई. वासरू काही हगेना. यानं काय करावं? शेजारी बैल उभा होता, त्याचंच शेण भरून दिलं! त्याले वाटलं, शेण ते शेण.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. "नत्थूभाऊ, तुमचं बारा दिवसांचं वासरू कडबा खातं का हो?"

नत्थू म्हणे, "बाई मांत्रिक हाय!"

* * *

एकदा तिची जीप पंक्चर झाली. तवा शेणाच्या डब्यांची पेटी घेऊन मीच हिंगणघाटच्या एसटीत चढलो. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणे, "काका, खवा हाय का? वास नाई येऊन राह्यला."

मी म्हटलं, "झाकण उघड, येईन."

त्यानं उघडलं. मी हिंगणघाटपर्यंत तीन सीटवर पाय पसरून गेलो!

* * *

आता खरी गोष्ट. पांढरी व्याली. कालवड झाली. माह्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, नाव ठेवलं ठमी.

आमच्याकडं गाय व्याली की पहिला चीक आळीत वाटायचा. घरोघरी खरवस होते. माह्या बापानं वाटला, मीबी वाटला. मॅडम म्हणाली, "आबाजी, पहिला चीक वासराला पोटभर पाजा. त्याची खरी ताकद त्यातच असते. उरला तर वाटा."

मले राग आला. "तुम्ही मले गाय शिकवता? लोक काय म्हणतीन?"

म्हातारी चुलीपासून म्हणाली, "दोन वासरं पुरली तवा खड्डा कोणत्या लोकानं खोदला? तुम्हीच खोदला ना?"

तिनं चीक काढायचा गंज उचलून कोठीत ठेवला अन् कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी नत्थू वाटी घेऊन हजर. "काऊन आबाजीभाऊ, यंदा खरवस नाई?"

"ठमीच्या पोटात हाय. तिलेच माग!"

तो महिनाभर बोलला नाई. मले लय बरं वाटलं.

* * *

तरी नवव्या दिवशी ठमीले हगवण लागलीच. डोळे आत गेले, कान थंड. डॉक्टरनं औषध दिलं, साखर-मिठाचं पाणी पाजाले सांगितलं. ठमी तोंडच लावेना. मग मी बोट पाण्यात बुडवून तिच्या तोंडात द्यायचो. ती चोखायची. पुन्हा बुडवायचं, पुन्हा द्यायचं. तीन दिवस हेच. जेवणबी गोठ्यातच. एक घास माहा, एक बोट तिचं.

म्हातारी म्हणे, "उठा आता, पाठ मोडीन."

"मोडू दे. खड्डा खोदाले पाठ लागते, मले खोदायचाच नाई."

चौथ्या सकाळी पाह्यलं तं शेण बांधून आलेलं! घट्ट, पिवळं, सोन्यावानी. मग गावात पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "नातवाले नोकरी लागली काय?"

मी म्हटलं, "नाई. ठमीले घट्ट झाली!"

नत्थूनंबी न बोलता खाल्ला. दोन खाल्ले.

* * *

दोन-तीन महिन्यांनी मॅडम पळतच आली. ठमीच्या डबीत एक जंतू सापडला. सगळ्या जगातल्या यादीत पाह्यलं, कुठंच त्याचं नाव नाई. कोरा नवा!

मी म्हटलं, "म्हणजे रेशन कार्डात नाव नसलेला. चांगला हाय का वाईट?"

"ते अजून माहीत नाही. पण ठमीची हगवण थांबली तेव्हापासून तो दिसतोय. आणि गावातल्या दुसऱ्या एकाही वासरात नाहीये."

मग तो आला कुठून? तिनं गव्हाण तपासली, हौदाचं पाणी तपासलं, पांढरीचे सड तपासले. नाई सापडला. आठ-दहा दिवस बाई गोठ्याभोवती फिरून राह्यली, जेवण गोड लागेना तिले.

शेवटच्या दिवशी ती निरोप घ्याले आली, तवा मी ओट्यावर भाकर खात होतो. ठमी दावं तोडून आली. जुनी सवय! मी घास गिळला अन् बोट तिच्या तोंडात दिलं. ती चोखत बसली.

मॅडम पाह्यतच राह्यली. मग हळूच विचारते, "आबाजी, हिच्या तोंडात बोट घालण्याआधी तुम्ही हात धुता?"

"धुतो ना! जेवण झाल्यावर."

म्हातारी आतून खो खो हसाले लागली. मॅडम हसली नाई. तिनं पिशवीतून एक नवी डबी काढली, पेन काढला, डबीवर काहीतरी लिहिलं अन् माह्या हातात दिली.

वासराचा नंबर नव्हता. माहं नाव होतं.