जनाना डब्यातली ज्वारी

ज्वारी सांडली.

बाकाखाली, बायांच्या पायात, माज्या पोराच्या मांडीवर, सगळीकडं ज्वारीच ज्वारी. गाडी बोल्डा सोडून नांदापुराकडं निघालेली. नांदापुरला झडतीचा साहेब डब्याच्या दाराशी येनार म्हंजे येनार. चोरून नेलेली ज्वारी धरायची नोकरी माजी, आन् ती सांडलीबी मीच.

समोर सुभद्रा, जिची ती ज्वारी, बाकावर आडवी. डोळे फिरलेले, व्हट काळेनिळे. माजं पोरगं खाली दाने तोंडात घालून राहिलं, तरी मला त्याला उचलायची सवड न्हाई.

थांबा. आधी नोकरी सांगते, न्हाईतर तुमाला काई उमगनार न्हाई.

लढाईचे दिवस हायेत. सरकार शेतातलं धान्य घेऊन जातंय, त्याला लेव्ही म्हनतेत. एका तालुक्याचं धान्य दुसऱ्या तालुक्यात न्यायचं तर परमिट पाहिजे, म्हंजे सही-शिक्क्याचा कागद. तो गरिबाला कोन देतंय? मंग लोक लपून नेतेत. गडीमानसं सापडतेत, त्यांची झडती शिपाई घेतो. पन जनाना डब्यात शिपायानं पाय ठेवायचा न्हाई. म्हनून पूर्णा-हिंगोली गाडीवर झडतीला एक बाई ठेवली. ती मी, कडेवर अंगावरचं पोरगं घेऊन. माजी तिसरी झालेली, सही करता यायची, आन् हे काम घ्यायला दुसरी कोनी तयार न्हवती. आमचे हे टेशनावर हमाली करता करता पाय मोडून घरी बसलेले. सासू म्हनली, "बायांची लुगडी चाचपायची नोकरी! त्यापरीस भीक माग." पन भाकरी त्याच नोकरीची खायची, आन् दुसरी मागायची.

साहेब मागं गार्डाच्या डब्यात बसायचा. दर टेशनाला उतरून माज्या दाराशी यायचा आन् इचारायचा, "बाई, सब ठीक?" मी व्हय म्हनलं की शिट्टी. न्हाई म्हनलं की ती ज्वारीवाली बाई खाली. वाटंच्या भाकरीपुरते दाने चालायचे, त्याच्यावर न्हाई.

रोज जाऊन येऊन मला बाया कळाया लागल्या. खिडकीची जागा गंगाक्काची. ती भाजीवाली, म्हातारी, कपाळ मोकळं. तिच्या जागी कोन बसलं तर ती काई म्हनत न्हाई, नुसती मेथीची पाटी त्या बाईच्या मांडीवर ठेवती. दाराशी फातमाबी चुडेवाली, कारन उतरताना काकनं फुटू नये. माहेराहून निघालेली बाई पहिल्या टेशनापर्यंत रडती, दुसऱ्याला भाकरी सोडती. सासरहून निघालेली चढल्या चढल्याच सोडती.

आन् पोटं. पोटावर ज्वारी बांधून न्यायची चाल लईच व्हती. खरं पोट आन् दान्याचं पोट मला लांबून कळायचं. खऱ्या पोटाची बाई बसताना आधी मागं कमरेला हात लावती. दान्याची बाई ताठ बसती, तिला वाकता येत न्हाई. गाडीला हिसका बसला की खऱ्या पोटाची बाई पोट धरती. दान्याची बाई गाठ धरती.

सुभद्रा बसमतला चढली. तिला आधी कधी पाह्यलं न्हवतं. बसताना कमरेला हात लावला. मी मनात म्हनलं, खरं हाय. चोंढीला हिसका बसला, तिनं बाजूची गाठ धरली. मी म्हनलं, खोटं हाय. बोल्डा आलं तरी माजं काई ठरेना. साहेब दाराशी आला तवा मी म्हनलं, "एक झडती राहिलीय साहेब, नांदापुरला सांगते."

"जल्दी," साहेब म्हनला.

गाडी हालल्यावर मी तिच्यापाशी गेले. "बाई, कितवा?"

"सातवा," ती म्हनली. घाम असा की लुगड्याचा काठ भिजलेला. थंडीचे दिवस अन् घाम! मी हात लावला. वरून दाने. जुनेराची लांब पिशवी शिवून पोटाभोवती गच्च आवळलेली. मी म्हननार व्हते, काहून खोटं बोलली गं? तेवढ्यात दान्याच्या खालून लेकरानं लाथ मारली. माज्या तळहाताला लागली ती.

दोनी खरं व्हतं! पोटबी अन् ज्वारीबी. असं मी आजवर पाह्यलं न्हवतं.

"सोड ते," मी वरडले. "लेकरू मरंल आतलं."

"न्हाई सोडत," ती म्हनली. "घरी दोन हायेत, त्यायला काय घालू? माहेरची हाय, चोरीची न्हाई." आन् असं म्हनता म्हनता तिची मान पडली.

गाठ सुटंना. घामानं ओली झालेली. फातमाबीनं चुड्याचा दोरा कापायची कातर दिली. मी गाठ कापायला गेले, हिसका बसला, आन् कातर पिशवीत गेली.

तर ज्वारी अशी सांडली.

गंगाक्कानं तिच्या तोंडावर पानी मारलं. सुभद्रेनं मोठा श्वास घेतला, जसं विहिरीतून वर आल्यावर घेतात. डोळे उघडले. पोटाच्या आधी खाली पाह्यलं, आन् ज्वारी पाहून रडाया लागली.

"आता काय?" मी म्हनलं. "आता साहेब येईल. हिला खाली उतरवतील, हिंगोलीच्या चौकीत नेतील, ह्या अशा पोटानं. गंगाक्का, काय करू वं मी?"

बोल्डा ते नांदापूर म्हंजे लेकरू दूध पिऊन झोपंल एवढाच वेळ. त्यातला अर्धा गेलेला.

गंगाक्का खाली पाहत व्हती. मंग म्हनली, "सातवा हाय न्हवं? मंग ओटी भरा तिची."

"आं?"

"ओटी, ओटी! दाने कशानं सांडतेत डब्यात? बाया ओटी भरून राहिल्या म्हनून. उचला, पोरींनो. एकीजवळ पायलीभर दिसले तर चोरी. सगळ्यांच्या ओटीत मूठ-मूठ दिसले तर रीत."

अशी धावपळ मी जलमात पाह्यली न्हाई. बाया बाकाखाली शिरल्या. एकीनं करंड्यातलं कुकू काढलं. नारळ कुठून आनावं? गंगाक्कानं पाटीतलं कवठ काढलं, "हे घ्या, गोल हाय, टनक हाय, नारळाला काय शिंगं असतेत?" फातमाबीनं सुभद्रेचा हात धरला अन् दोन दोन हिरवी काकनं चढवली. "सातवें महिने में हरा चुडा लगताच हय बेटी, रो मत, हात सैल छोड, फुटतील."

"पन पहिली ओटी कोन भरतंय?" कोनी तरी म्हनलं.

"मी रांडमुंड, मी दान्याला हात लावनार न्हाई," गंगाक्का म्हनली, आन् तिनं माज्याकडं पाह्यलं. "लेकुरवाळी सवाष्ण तूच. भर."

म्हंजे बघा. ज्या ज्वारीसाठी मी तिला धरायची, त्याच ज्वारीनं मी तिची ओटी भरली. पाच मुठी. पाचवी मूठ भरली आन् गाडीचा वेग कमी झाला.

साहेब दाराशी आला. आत ओटीचं गानं चालू. सवाष्णींच्या कपाळावर कुकू, पदरात दाने. साहेब दोन पावलं मागं सरला.

"काय तमाशा हाय हा?"

"ओटी हाय साहेब, सातव्याची," गंगाक्का खिडकीतून म्हनली.

"गाडीत?"

"सासरी पोचल्यावर सासू कामाला जुंपती. गाडीतच काय ती सवड असती."

साहेबानं खाली पाह्यलं. फळ्यांच्या फटीत दाने अडकलेले. "ज्वारीनं ओटी भरतेत? मला काय येडा समजता? ओटी गव्हाची असती, तांदळाची असती."

"व्हय की. पन गहू तुमी लेव्हीत नेला, तांदूळ दुकानात मिळंना. आता देवबी ज्वारीवर भागवून राहिला, साहेब."

बाया फस्सकन हासल्या. मी न्हाई हासले. साहेबाचं तोंड लाल झालेलं मला दिसलं. तो वाईट मानूस न्हवता, हे सांगायला पाहिजे. कधी हात उगारला न्हाई, कधी वंगाळ बोलला न्हाई. त्याच्या वर दुसरा साहेब, त्याला भ्यायचा. पन चारचौघींत हासं झालं की मानूस फिरतो.

"बाई, तू खाली ये," तो मला म्हनला.

मी पोराला कडेवर घेतलं आन् उतरले. डब्यातलं गानं बंद झालं. सगळ्या खिडक्यात तोंडं.

"ही ज्वारी तिच्या अंगावर बांधलेली व्हती का?"

"न्हाई साहेब."

"वर मला जाब द्यावा लागतो. खरं सांग."

"खरंच न्हाई."

मंग साहेब माज्या पोराकडं पाहून म्हनला, "बच्चे के सर पर हात रख. रख, अन् बोल."

माज्या पोराच्या आधी माजं एक गेलेलं हाय. हे पोरगं नवसाचं. त्याच्या डोक्यावर मी तेल लावताना सुदिक देवाचं नाव घेती. आन् ते येडं साहेबाच्या कोटाच्या गुंडीला धरून हासून राहिलं. गालाला ज्वारीचा दाना चिकटलेला.

खिडकीत सुभद्रा. दोनी हात पोटावर धरून नुसती बघत व्हती.

मी हात ठेवला. पोराची टाळू गरम लागली. मी म्हनलं, "लेकराची शप्पथ, तिच्या अंगावर पोटाशिवाय काई न्हवतं."

साहेबानं माज्या तोंडाकडं पाह्यलं. मंग त्यानं शिपायाला हात केला. "छोड दो. मां झूठी कसम नहीं खाती."

शिट्टी झाली. मी डब्यात चढले आन् दारातच बसले. गंगाक्कानं पोराच्या गालाचा दाना काढला, आपल्या पदरात न्हाई ठेवला, बाहेर फेकला.

हिंगोलीला उतरताना प्रत्येक बाईनं आपल्या ओटीतले दाने सुभद्रेच्या पदरात घातले. कोनी मूठभरबी ठेवून घेतले न्हाईत. कवठ तेवढं गंगाक्कानं परत मागितलं.

घरी गेल्यावर मी पोराची मीठ-मिरच्यानं दृष्ट काढली. सासू म्हनली, "काय झालं?" मी म्हनलं, काई न्हाई. पहिल्या सुट्टीला नरसीला जाऊन नामदेवापुढं नाक घासलं. तरी रातच्याला पोरगं खोकलं की मी उठून बसायची. त्याला दुसरं काई झालं न्हाई. पन खोकला कोनत्या लेकराला येत न्हाई? आन् दर खोकल्याला मला वाटायचं, आलं. आता आलं.

ह्याच्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पन साहेबाला शपथेचा लई भरवसा बसला. त्याला ते सोपं पडलं. आता झडतीचं तो इचारतच न्हाई. दर टेशनाला दाराशी येतो आन् म्हनतो, "रख हात." मी ठेवती. बहुतेक दिवस खरी शप्पथ असती, पन ठेवताना अंगावर काटा येतोच. आमच्या कामातली अक्कल मला एवढीच आली: खोटी शप्पथ एकदाची नसती. ज्याला ती पटली तो ती रोज मागतो.

आन् परवा सुभद्रा परत चढली. बसमतलाच. पोरगी झालीय तिला, काळीभोर, डोकंभर जावळ. हातात तीच हिरवी काकनं, एक तेवढं फुटलेलं. मला पाहून अशी हासली जशी माहेरची बहीन भेटली.

"घ्या वं बाई, तुमची भाची," म्हनून तिनं पोरगी झोळीसकट माज्या मांडीवर दिली.

झोळी जड. एवढ्याशा लेकराला एवढं वजन नसतंय. मी खालून हात घातला. गोधडीच्या घड्यात दाने. पोरगी त्याच्यावर गाढ झोपलेली.

मी सुभद्रेकडं पाह्यलं. ती खिडकीबाहेर पाहून राहिलेली. गंगाक्काबी बाहेर पाहून राहिलेली. सगळ्यांनाच बाहेर काई तरी दिसून राहिलं व्हतं.

गाडी थांबली. बूट वाजले. एका कडेवर माजं पोरगं, दुसऱ्या कडेवर तिची पोरगी, तिच्याखाली ज्वारी.

"बाई, रख हात," साहेब म्हनला.

मी काय केलं ते सांगत न्हाई. माजी नोकरी आजून हाय, म्हनून नावबी लिहिलं न्हाई. पन तुमी लेकरंबाळंवाल्या असाल तर मला सांगा, तुमी त्या दारात असत्या तर हात कोनाच्या डोक्यावर ठेवला असता?