पलंग रिकामा आणि दार उघडं

माझी ताई पडदे शिवते. मशीन मागच्या खोलीत. ते चाललं की घरात चोर नाचले तरी तिला पत्ता लागायचा नाही. त्यात आईला भ्रम झालेला. ताईची पाठ वळली की ती पलंगावरून उठायची आणि दार उघडून जिना उतरायची. एकदा भर चौकात सापडली, अनवाणी. विचारलं तर म्हणाली, "खाली उभे आहेत ना हे, कधीचे." वडील जाऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती. माझ्या अंगावर काटाच आला.

मी म्हटलं, बाहेरून कुलूप लाव. ताई उखडली. आईला कोंडायचं नाही म्हणजे नाही. मग या बाईने, जिला मोबाइलवरून साधा फोटो पाठवता यायचा नाही, प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नाव घातलं! शिकवणारी मुलगी तिच्या निम्म्या वयाची. तिच्या मदतीने ताईने गादीखाली वजन कळणारी पट्टी घातली, दाराला एक बटण बसवलं आणि मशीनजवळ बेल लावली. ती कधी वाजायची, एवढं मात्र ताईने स्वतः लिहायचं होतं.

पहिल्यांदा तिने लिहिलं: पलंग रिकामा असेल किंवा दार उघडं असेल, तर बेल. झालं! आई न्हाणीघरात गेली, बेल. शेजारीण डोकावली, बेल. आगीतून उठून फुफाट्यात.

"'किंवा'ला दोन्हींतलं एक खरं असलं तरी पुरतं," ताई फोनवर मला समजावत होती. "मला दोन्ही खरी हवीत." तिने 'किंवा' पुसून 'आणि' लिहिलं.

"एवढ्यासाठी वर्ग लावलास?" मी चिडवलं.

"तू लिहून दाखव," ती म्हणाली.

त्यानंतर आई कधी रस्त्यापर्यंत पोचली नाही. बेल वाजायची, ताई धावायची आणि आई उंबऱ्यातच सापडायची. "बाजूला हो गं, मला जायचंय." ताई दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहायची. "उद्या जा, आई." रोज हेच चालायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं मी तेव्हा हसत म्हणून गेले.

आई वारली ती दुपारी, झोपेत, पलंगावरच. बेल वाजलीच नाही.

मग वेगळंच सुरू झालं. पलंग आता कायमचा रिकामा, त्यामुळे कुणीही दार उघडलं की बेल. ताई बाजारातून आली की बेल, दूध घ्यायला गेली की बेल. "काढ गं ते, एक ओळ तर पुसायची," मी म्हणायची. ती पुसेना. एकदा रडत म्हणाली, "शेवटपर्यंत तिला उद्यावर ढकललं मी. कुठे जायचं होतं तेही धड विचारलं नाही." तिचं जेवण सुटलं, मशीनवर धूळ बसली. बहीणही हातची जाते की काय, अशी मला भीती वाटायला लागली. शेवटी तिच्या मागे लागून पलंग देऊन टाकायचं कबूल करून घेतलं. दोघी जाऊन टेम्पोवाल्याला सांगून आलो.

ताईने कुलूप काढून दार उघडलं. बेल वाजली नाही.

"वीज गेली असेल," मी म्हटलं. दाराजवळच्या दिव्याचं बटण दाबलं तर तो लागला. "मग तार सुटली असेल." ताईने दार लावलं आणि पुन्हा उघडलं. काही नाही.

"दार उघडं, हे तर खरं," ती हळूच म्हणाली. "दोन्ही खरी असती तर वाजली असती."

म्हणजे पलंग रिकामा नव्हता. मी भुताखेतांना मानणाऱ्यांतली नाही, पण आत पाऊल टाकायला मी धजले नाही. पलंगाची खोली आतल्या बाजूला, दारातून दिसत नाही. "चल, खाली जाऊ," म्हणत मी तिचा दंड ओढला. ती हलली नाही. दार सताड उघडं, तिचा हात त्यावर तसाच.

आणि बेल वाजायला लागली.

दार मघापासून उघडंच होतं. आत पलंगावरून कुणीतरी उठलं होतं.

सवयीने ताई दारात आडवी झाली, दोन्ही हात चौकटीला. बेल वाजत राहिली. मग तिने एकेक हात खाली घेतला.

"जा, आई," ती म्हणाली. "आजच जा." आणि बाजूला सरली.

मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते. मीही भिंतीला चिकटून वाट करून दिली.